बावन्न अंगठे

"डबा जपून काप गं, आतल्या नोटेला धक्का लागायचा," कोणीतरी म्हणाले आणि इस्त्रीवाली नेहमीसारखी तोंडावर हात ठेवून हसली.

ही सवय तिला तीन वर्षांपूर्वी लागली. रुग्णालयाच्या याच धुलाईखान्यात ती साबणाच्या पाण्यावरून घसरली आणि वरचे पुढचे तीन दात लोखंडी गाड्याच्या कडेवर ठेवून आली. रुग्णालयाने दोन दिवसांची रजा दिली आणि 'जपून चाला' अशी पाटी लावली. झाली भरपाई. दातांच्या डॉक्टरने तेरा हजार सांगितले होते, म्हणून यंदा ती बचतीत उतरली.

बचतीची रीत अशी. पहिल्या आठवड्यात दहा टाकायचे, दुसऱ्यात वीस, तिसऱ्यात तीस, असे चढत चढत बावन्नाव्या आठवड्यात पाचशे वीस. पैसे जिचे तिच्या घरी, बंद डब्यात. रविवारी टाकायचे आणि सोमवारी कामावर येऊन भिंतीवरच्या तक्त्यात आपल्या रांगेत अंगठा उठवायचा. शाई चादरींवर खुणा करायची, उकळत्या पाण्यातही न निघणारी. वर्षभर कोणी कोणाचे पैसे बघायचे नाहीत, अंगठा म्हणजे शब्द. शेवटच्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचे डबे एकत्र कापायचे आणि मग फोटो. खोटा अंगठा सापडला तर त्या रांगेवर लाल पेन फिरवायचे. आजवर ते कोणावर फिरले नव्हते. मागची दोन वर्षे इस्त्रीवाली नुसती फोटो काढून द्यायची. दात नसलेल्या बाईला ते काम बरे पडते.

पाच डबे कापून झाले होते. सहावा तिचा. चादरी घडी करायच्या टेबलावर काम करणाऱ्या घडीवालीने पत्र्याची कात्री फिरवली, डबा उलटा केला आणि टेबलावर खळखळ वायसर सांडले. नळाचे, पंपाचे, लहानमोठे, लोखंडाचे. शंभर-दीडशे तरी असतील. सगळ्यांच्या मागून एक वीसची नोट निघाली.

नुसता ड्रायर घरघरत होता.

"अडचण होती तर सांगायचंस," सुपरवायझर बाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. "अंगठे कशाला उठवलेस?"

"मी टाकलेत पैसे. दर रविवारी."

"मग काय, नोटांचं लोखंड झालं?" धुलाईच्या मशिनवरची लांबडी म्हणाली. कोणीतरी फिस्सकन हसले. बाईंनी खिशातून लाल पेन काढले.

इस्त्रीवालीने वायसर ओंजळीने परत डब्यात लोटले. वाकून खाली पडलेलेही उचलले.

"चार वाजेपर्यंत त्या रांगेला हात लावायचा नाही," ती म्हणाली. वीस वर्षांत ती बाईंशी असे बोलली नव्हती. अंगावरचा एप्रन तसाच ठेवून ती बाहेर पडली.

वायसर पाहिले तेव्हाच तिला कळले होते. कळायला काय लागते? नवरा तीस वर्षे पंप मेकॅनिक होता, निवृत्त होऊन दोन वर्षे झाली, आणि असल्या वायसरांची बरणी घरात अजून होती. डबासुद्धा त्यानेच झाळून दिला होता. "तळ चांगला पक्का करा, कोणाचा हात जायला नको," असे तिनेच त्याला सांगितले होते. वर कौतुकही केले होते. रविवारी पैसे टाकून ती डबा कानाशी धरून हलवायची आणि तो पेपरातून डोके न काढता म्हणायचा, "भरत आलाय." हे आठवले आणि तिची पावले आणखी जोरात पडू लागली.

तो कुठे सापडणार हेही तिला माहीत होते. कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात चौघे त्याच्याभोवती बसले होते.

"शेठ, आज तरी आम्हाला देऊ द्या," त्यातला एक म्हणत होता.

"गप रे. मी असताना?" नवरा म्हणाला, आणि तेवढ्यात त्याच्या कपाशेजारी डबा आदळला. दोन वायसर उडून बशीत पडले.

"अगं, घरी बोलू," म्हणत तो तिला घाईघाईने फुटपाथवर घेऊन आला.

"घरी नको. इथंच सांगा. पैसे कुठायत?"

त्याने मागे दुकानाकडे पाहिले. "पंपावर होतो तेव्हा दहा माणसं मला विचारून काम करायची. आता कोण विचारतं? इथं बसलं की निदान शेठ तरी म्हणतात. मी परत टाकणारच होतो."

"आणि हे वायसर?"

"डबा हलका लागला असता," तो खाली बघून म्हणाला, "तर तुला वाईट वाटलं असतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोरी तिने एक वेळ गिळली असती, पण ही काळजी तिला गिळवेना.

"किती वेळा उघडलात तळ?"

"चार."

"चार वेळा उघडलात आणि चार वेळा झाळलात! घरचा नळ दोन वर्षं गळतोय, त्याला कधी एवढा जीव लावलात?" ती ओरडली. चहाच्या दुकानातली चारही डोकी वळली. वळू देत, तिला वाटले. "माझे दात तुम्ही या चौघांना चहात बुडवून पाजलेत. चला आता."

"कुठं?"

"धुलाईखान्यात. तिथं माझी रांग खोडायला निघालेत. येऊन सांगा त्यांना."

"त्या बायकांसमोर? काय इज्जत राहील माझी?"

"तुमची वर्षभर राहिली. आज माझी राहू द्या."

तो तिच्या मागून चालत आला. धुलाईखान्याच्या दारात, मळक्या चादरींच्या गाड्याशेजारी उभा राहून त्याने टोपी काढली आणि काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं," ती म्हणाली. "ड्रायर चालू आहे."

"मी घेतले. तिनं टाकले होते पैसे."

"किती आठवडे टाकले?" तिने विचारले.

"सगळे. बावन्न."

बाईंनी लाल पेन खिशात ठेवले. लांबडी पुढे आली. "मी मघाशी उगाच बोलले गं."

"हो, बोललीस," इस्त्रीवाली म्हणाली आणि तिथेच थांबली. मन मोठे करायला तिला त्या दिवशी सवड नव्हती.

"आपण सगळ्याजणी थोडे थोडे काढू या का?" घडीवालीने विचारले.

"वर्गणी नको मला. तो तक्ता भिंतीवरच राहू दे."

मग काय करावे कोणाला सुचेना, म्हणून सगळ्या फोटोसाठी उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या हातात आपापल्या नोटा होत्या. घडीवालीने मागच्या दोन वर्षांच्या सवयीने आपला फोन इस्त्रीवालीच्या हातात दिला. दिल्यावर तिची तिलाच लाज वाटली. इस्त्रीवालीने फोन घेतला, दारापर्यंत गेली आणि नवऱ्याच्या हातात ठेवला.

"तुम्ही काढा."

ती तक्त्यापुढे, सगळ्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. कापलेला डबा तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. त्याने फोन वर धरला.

"सगळ्या दिसताहेत?" तिने विचारले.

"दिसताहेत."

"मी?"

ती हसत होती, तोंडभर, वरच्या तीन रिकाम्या जागांसकट. तो बराच वेळ फोनच्या काचेत बघत राहिला.

"दिसतेस," तो म्हणाला.

"मग काढा," ती म्हणाली, आणि तिचा हात डब्यावरून हलला नाही.