दानम्माची गार खोली

"अगं, जुनं घर भूकंपानं पाडलं, आता मागचं परसबी उकरून राहिलीस व्हय?" कस्तुराबाईनं कुंपणावरून आवाज टाकला.

"आमचा गुरुपाद म्हनला, जमिनीत नळ्या पुरल्या की घर गार ऱ्हातंय," शेजारची दानम्मा चराच्या काठावरून म्हणाली.

"जमिनीत गेल्यावर समदेच गार होतेत माय!"

भूकंपानंतर औशाजवळ गाव नव्यानं वसलं, तेव्हापासून या दोघी शेजारणी. घरं सारखीच सिमेंटची, उन्हाळ्यात तव्यासारखी तापणारी. पोरंही एकाच साली लातूरला शिकवणीला गेली. दानम्माचा गुरुपाद इंजिनिअर झाला, कस्तुराबाईचा पोरगा काळीपिवळी चालवायला लागला. हेही ती गिळून बसली होती, कारण तिच्या दारात लिंब होता. दुपारी अख्ख्या गल्लीच्या बाया त्याच्या सावलीला डाळ निवडायला जमायच्या आणि कस्तुराबाईच्या तोंडून गावची खबर ऐकायच्या. तेवढं एक राज्य तिचं होतं.

गुरुपादनं छातीइतके चर खणले, नळीची वेटोळी अंथरली, वर माती लोटली. पंप सुरू केला की नळीतलं पाणी जमिनीतून गार होऊन यायचं आणि खोलीतल्या पंख्यातून गार वारा सुटायचा. आठवड्यात बाया सुपं घेऊन तिकडं गेल्या. लिंबाखाली कस्तुराबाई आणि कावळे उरले. तिचा जीव नुसता जळत होता.

मे लागला तशी परसातली माती भेगाळून नळीपासून सुटली. वारा कोमट यायला लागला, बाया परत लिंबाखाली यायच्या बेतात होत्या. पण कस्तुराबाईला हे सांगणार कोण? तिनं तर दानम्माच्या दाराकडं बघणंच सोडलं होतं.

काळ्या मातीची खोड मात्र तिला ठाऊक. भिजली की अशी फुगते की भिंतीला तडे देते, मग या नळ्यांची काय कथा? तिनं आपल्या मोरीच्या पाण्याचा पाट गुपचूप दानम्माच्या परसात वळवला.

"फुग माय, फुग. चेंगरून टाक," ती मातीला म्हणायची.

एक दिवस दानम्माच दारात उभी. "कस्तुरे, तुझ्या मोरीचं पानी आमच्याकडं येऊन राहिलंय, ठाव हाय का?"

कस्तुराबाईनं घाईनं मान हलवली. "न्हाई बाई. पाट फुटला आसंल."

"फुटू दे! मातीनं भिजून नळीला घट्ट धरलंय म्हने गुरुपाद. लई गार झालंय, बाया गोधड्या मागून राहिल्यात. बंद करू नगंस माय!" दानम्मा हसत गेली.

तेवढ्यात कस्तुराबाईचा नवरा व्यंकट काखेत उशी मारून बाहेर पडला.

"तुमी कुठं निघालाव?"

"दानम्माकडं. आपल्या पान्यानं गार झालंय, आपला हक न्हाई का?"

पाट मोडायला तिनं खोरं उचललं आणि तसंच खाली टाकलं. आता मोडला तर मनातलं सगळ्या गल्लीला कळलं असतं. उकाड्यानं आणि रागानं तिचं अंग पेटलं होतं. ती तणतणत मोरीत शिरली आणि घागरभर पाणी डोक्यावर ओतून घेतलं. ते पाणी गुमान दानम्माच्या परसाकडं निघालं.