बिनफटीचं खुराडं

"फट ठेवायला मी काय काल शिकलोय?" असं विचारत सुताराने खुराड्याची शेवटची फळी ठोकून बसवली.

बायको शेजारी उकिडवी बसून जुने वाकडे खिळे दगडावर सरळ करत होती. वर थोडी वाऱ्याला जागा ठेवा, एवढंच ती म्हणाली होती. पण सुताराचा सगळा जन्म कपाटं करण्यात गेलेला. कारखान्यात सांधा बसला की त्यात कागद सरकवून बघायचे. कागद आत गेला की काम परत. त्याच्या सांध्यात कागद कधी गेला नाही. मग उजवा हात थरथरायला लागला, मालकाने गोड बोलून घरी बसवलं, आणि माणूस जो खाटेला चिकटला तो चिकटलाच. जेवायलासुद्धा हाका मारून उठवावं लागे.

कोंबड्यांचं खूळ बायकोने काढलं ते अंड्यांसाठी नव्हे. अंडं तिला आवडतही नसे. तिला या माणसाला खाटेवरून उठवायचं होतं. परसात मोडक्या कपाटाची दारं पडलेली होती, छपराला पत्र्याचा तुकडा होता, खर्च म्हणून काही नव्हताच. तेव्हा नाही म्हणायला त्याच्याकडे सबब उरली नाही. कुरकुरत उठला. एकेक खिळा बसवताना त्याची दमछाक होई, पण भूक लागली हे तो आता आपणहून सांगत होता.

काम संपल्यावर त्याने सांध्यात कागद सरकवून पाहिला. गेला नाही.

"अजून जमतं म्हणायचं," तो म्हणाला. त्याचा खुललेला चेहरा बघून बायकोला वाऱ्याचा विषय पुन्हा काढवेना.

त्या संध्याकाळी चार कोंबड्या आणून आत कोंडल्या, मांजराच्या भीतीने दाराला खुंटी घातली. रात्र फार उकाड्याची गेली. सकाळी दार उघडलं तेव्हा आतली कोंदट वाफ दोघांच्या तोंडावर आली. दोन कोंबड्यांनी माना टाकल्या होत्या. उरलेल्या दोघी चोची वासून धापा टाकत होत्या. बायकोने त्यांना सावलीत नेऊन पाणी पाजलं. सुताराने मेलेल्या दोघींना कुंपणाशी खड्डा करून पुरलं, हात धुतले आणि पुन्हा खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड केलं.

"जन्मभर एकच गोष्ट शिकलो," तो भिंतीलाच सांगत होता. "आणि तीच नडली."

"मला दिसत होतं की," बायको म्हणाली. "तरी मी गप्प बसले."

दुपारचं ताट तसंच परत गेलं तेव्हा मात्र तिला धडकी भरली. कोंबड्या गेल्या त्या गेल्या, आता हा माणूसही हातचा जाणार, असं तिला वाटलं. ती परसात गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा करवत हातात घेतली.

करवत खुराड्याच्या फळीत अडत होती, करकरत होती, मध्येच लाकडाला डसून बसत होती. आत सुताराने उशी कानावर दाबून पाहिली. बायकोचं रडणं त्याने एक वेळ ऐकून घेतलं असतं, पण करवतीचे हे हाल त्याच्याने ऐकवेनात. तो उठून बाहेर आला.

"अशी दाबू नकोस गं. तिचं तिला चालू दे."

तिच्या हातावर त्याने आपला हात ठेवला. त्याचा थरथरता, तिचा अडाणी. दोघांनी मिळून करवत कशीबशी चालवली. कागद न जाणारा सांधा चिरत गेला आणि उंदराने कुरतडल्यासारखी एक वेडीवाकडी फट पडली. मग दुसऱ्या बाजूला तशीच एक.

संध्याकाळी कारखान्यातला जुना सोबती चौकशीला आला. दोघांनी वर्षानुवर्षं शेजारी उभं राहून रंधा मारलेला. खुराडं बघून तो वाकला, फटीत बोट घातलं आणि हसायला लागला.

"हा कुठला नवशिका धरून आणलास? आपल्याकडे याला दारात उभं केलं नसतं."

ते माझं काम, असं सांगायला बायकोने तोंड उघडलं. नवऱ्याची लाज राखायला एवढं खोटं तिला चाललं असतं. पण त्याआधीच सुतार बोलला.

"मी केलंय."

सोबत्याचं हसू ओसरलं. बोट काढून घेत तो उगाच पत्रा चाचपू लागला. सुताराने दोन्ही कोंबड्या एकेक करून आत ठेवल्या, दार लावलं, आणि वारा खेळतोय का ते बघायला फटीशी तळहात धरला. हात थरथरत होता. सोबती बघत होता तरी त्याने तो मागे घेतला नाही.