सतरावी नक्कल

नक्कल विभागाच्या खिडकीवर पाटी होती: ‘अर्ज स्वीकारणे ११ ते १. नक्कल वाटप ३ ते ५. चौकशी करून स्वतःचा व आमचा वेळ घालवू नये.’ शर्मिला ओव्हाळ यांनी ती दोनदा वाचली आणि तरीही चौकशी केली.

“घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची नक्कल हवी होती. जुना दावा आहे, अठ्ठ्याऐंशी सालचा.”

खिडकीमागचे कारकून, हिंमतराव, मान वर न करता म्हणाले, “सतरा वर्षांनी आठवण झाली?”

“आता लागतेय.”

“लागते तेव्हाच येतात सगळे. दावा नंबर?”

नंबर शर्मिलाबाईंना ठाऊक नव्हता. तारीख मात्र ठाऊक होती: २४ नोव्हेंबर १९८८, गुरुवार. हिंमतरावांनी एक छापील अर्ज पुढे सरकवला. दोघांची नावं, निकालाची तारीख, नक्कल कशासाठी हवी ते कारण. वर कोर्ट फीची तिकिटं चिकटवायची, आणि घाई असेल तर डाव्या कोपऱ्यात ‘तातडीची’ असं लिहायचं. आतल्या टेबलावर नवा कॉम्प्युटर प्लॅस्टिकच्या कव्हराखाली झाकलेला होता, दसऱ्याचं हळदकुंकू अजून त्यावर होतं. पण त्यात दोन हजार सालानंतरचंच होतं. त्याआधीचं सगळं मागच्या खोलीत, लाल फडक्यांत बांधून रचलेलं.

त्यांनी ‘तातडीची’ लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘विवाह नोंदणी’. वय अठ्ठेचाळीस.

लग्न रज्जाक अत्तारांशी होतं. मंडईमागच्या बोळात त्यांचं दुकान होतं, काटे दुरुस्तीचं. काटे म्हणजे प्रयोगशाळेतले, केसाचं वजन दाखवणारे. शर्मिलाबाई रंगाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होत्या आणि रज्जाक अकरा वर्षं तिथले काटे तपासायला येत होते. घाईने कोणी वजन घ्यायला लागलं की ते हात आडवा धरत. “थांबा मॅडम. आधी शून्यावर येऊ द्या. मग काय ते वजन.” त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. दोघांचे धर्म वेगळे, म्हणून लग्न नोंदणी कचेरीत करायचं ठरलं. नोटीस दिली, हरकत कुणाची आली नाही. पण तिथल्या अधिकाऱ्यांना हुकूमनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल हवी होती आणि नोटिशीची तीन महिन्यांची मुदत येत्या शुक्रवारी संपत होती. आज मंगळवार.

शर्मिलाबाईंनी ती नक्कल कधी घेतलीच नव्हती. निकालाच्या दिवशी वकील म्हणाले होते, “नक्कल घेऊन ठेवा.” त्या तडक खडकीला आईच्या घरी निघून गेल्या होत्या.

बुधवारी तीन वाजता त्या पुन्हा खिडकीशी आल्या. हिंमतरावांनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

“बाई, तुमची नक्कल तुम्ही नेलेली आहे.”

“मी? कधी?”

“कधी विचारू नका. किती वेळा ते विचारा.” त्यांनी नक्कल वाटपाचं रजिस्टर फिरवून पुढे केलं, मग मागच्या साली गेले, मग कपाटातून त्याच्याही आधीची रजिस्टरं काढली आणि एकेका पानावर बोट ठेवत गेले. २४ नोव्हेंबर २००४. त्याआधी २००३. २००२. दरवर्षी तीच तारीख. रविवार किंवा सुट्टी आली असेल त्या वर्षी दुसरा दिवस. ‘नक्कल मिळाली’ या रकान्यात सही होती: शर्मिला रामदास सरवदे.

सही त्यांचीच होती. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ती अगदी जवळून पाहिली. ‘श’ची गाठ दोनदा फिरवलेली, ‘सरवदे’तला ‘व’ अर्धवट सोडलेला. पाच वर्षं संसार केला तेव्हा त्या अशी सही करत. त्यानंतर त्यांनी ते नाव एकदाही लिहिलं नव्हतं. कोणी हाताचं वळण उचलू शकतं हे त्यांना माहीत होतं. पण वळण उचलणाऱ्याचा हात प्रत्येक वेळी थोडा वेगळा पडतो, आणि वयाबरोबर बदलतोही. इथे सोळा सह्या होत्या, आणि सोळा वर्षांत त्या हाताचं वय वाढलेलं नव्हतं.

“ही कोण येते?” त्यांनी विचारलं.

“मला इथे येऊन चार वर्षं झाली. चारही वर्षं पाहतोय. तुमच्यासारख्याच दिसतात. बरंच कमी वय. धाकटी बहीण का?”

“मला बहीण नाही.”

हिंमतरावांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांचा आवाज आता तेवढा तिरकस राहिला नव्हता. “भांडत नाहीत, काही नाही. बाकावर बसतात. नाव पुकारलं की येतात, सही करतात, उभ्या उभ्या नक्कल वाचतात आणि परत देतात. म्हणतात, यात चूक आहे, दुरुस्त करून द्या. मी सांगतो, बाई, आम्ही नक्कल करतो, निकाल करत नाही. दुरुस्ती हवी तर अर्ज द्या. त्या म्हणतात, दुरुस्तीचा अर्ज मला देता येत नाही. आणि जातात.”

त्यांनी खणातून सुतळीने बांधलेला गठ्ठा काढला. परत केलेल्या सोळा नकला. तळाची पिवळीधमक, वरची पांढरी, आणि मधल्या त्या दोन रंगांच्या मधल्या.

“कुठली चूक?” शर्मिलाबाईंनी विचारलं.

हिंमतरावांनी वरच्या नकलेवर एका ओळीशी नख टेकवलं. ‘पुकारा केला असता जाबदेणार गैरहजर. सबब दावा एकतर्फी चालवून निकाल देण्यात येत आहे.’

“त्यांचं म्हणणं, जाबदेणार, म्हणजे नवरा, हजर होता.”

शर्मिलाबाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. मग त्यांनी विचारलं, “मला यातलीच एक मिळेल?”

“दिलेली नक्कल दुसऱ्याला देता येत नाही. तुमची तयार होतेय. उद्या तीन वाजता घेऊन जा.” ते थांबले. “उद्या चोवीस तारीख आहे, बाई.”

त्या रात्री झोप लागणं शक्यच नव्हतं. सतरा वर्षं ज्या गोष्टीला त्यांनी हात लावला नव्हता ती गोष्ट आता एका ओळीत, काळ्या शाईत समोर आली होती.

रामदास वाईट नव्हता. हे त्यांनी वकिलांनाही सांगितलं होतं आणि वकील म्हणाले होते, “हे कोर्टात सांगू नका.” तो पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या एका छोट्या कारखान्यात प्रेसवर होता आणि तिशीच्या आतच त्याचे कान गेले होते. समोर उभं राहून, ओठ दिसतील असं बोललं तर त्याला कळे. पाठमोरा असला तर ढोल वाजवला तरी कळत नसे. पाच वर्षं प्रत्येक वाक्य तीन वेळा बोलून शर्मिलाबाई थकल्या आणि एक दिवस बोलायच्या थांबल्या. त्याला घटस्फोट नको होता. वकील म्हणाले होते, “आला आणि नाही म्हणाला तर दहा वर्षं जातील. नाही आला तर आजच सुटाल.”

तो आला होता. व्हरांड्याच्या टोकाला, खांबापाशी, निळी जर्सी घालून, रस्त्याकडे तोंड करून उभा होता. बहुधा त्याला वाटत होतं, ती तिकडून येईल. शिपायाने दारात येऊन पुकारा केला, “रामदास भिवा सरवदे, हजर आहे काऽ?” एकदा. दोनदा. तीनदा. व्हरांड्यातल्या सगळ्यांनी ऐकलं. त्याला सोडून. त्या बाकावर बसल्या होत्या, त्याच्यापासून वीस पावलांवर. उठून कोपराला हात लावायचा, एवढंच काम होतं.

कोणी त्यांना विचारलं नाही, आणि त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

गुरुवारी तीनला दहा मिनिटं कमी असताना त्या व्हरांड्यात शिरल्या. बाकाच्या खिडकीकडच्या टोकाला ती बसली होती.

पाठमोरी. जाड वेणी. लिंबाच्या रंगाची सुती साडी. ती साडी शर्मिलाबाईंनी नव्वद साली बोहारणीला देऊन स्टीलचं पातेलं घेतलं होतं, ते पातेलं आजही घरात होतं. साडी हुबेहूब तशी दुसरी असू शकते, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग जवळ गेल्यावर पदराच्या काठाशी तीन छिद्रं दिसली, टाचणीच्या डोक्याएवढी, एका रेषेत. गंधकाम्लाचे थेंब उडाले होते. ते कुठल्या दिवशी उडाले हेही त्यांना आठवत होतं.

त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. मधे दोन माणसं बसतील एवढी जागा होती, पण तिथे कोणी बसत नव्हतं. नकलांसाठी आलेली माणसं भिंतीला टेकून उभी होती.

“कोणाची वाट पाहताय?” शर्मिलाबाईंनी विचारलं. इतक्या हळू की आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही.

ती वळली नाही. तिची नजर व्हरांड्याच्या टोकाच्या खांबावर होती. तिथे कोणी नव्हतं. खांबाला कोणीतरी सायकल टेकवून ठेवली होती.

“तो तिथे उभा आहे,” ती म्हणाली. आवाज त्यांनी एकदाच, कोणाच्या तरी लग्नाच्या कॅसेटमध्ये ऐकला होता. आपला असून परका वाटणारा. “पुकारा झाला. त्याला ऐकू गेलं नाही. कोणीतरी सांगायला हवं.”

“मग तुम्ही का नाही सांगत?”

“मला त्याच्यापर्यंत जाता येत नाही. मी त्या दिवशी उठलेच नाही ना.”

खिडकीतून हिंमतरावांचा आवाज आला. “शर्मिला रामदास सरवदे!” दोघींपैकी कोणीच हललं नाही. “शर्मिला रामदास सरवदे!” भिंतीशी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. तिसऱ्यांदा नाव येण्याआधी शर्मिलाबाई उठल्या.

नक्कल तयार होती. लाल शिक्का ओला होता. हिंमतरावांनी रजिस्टर पुढे केलं, बाकाकडे पाहायचं मात्र टाळलं. “सही करा आणि घेऊन जा. उद्याचं काम उरकून टाका. बाकीच्याचा विचार करू नका. मी करत नाही.”

तीच ओळ. पुकारा केला असता जाबदेणार गैरहजर. कागद हातात होता, दार पंचवीस पावलांवर होतं. उद्या अकरा वाजता नोंदणी कचेरीच्या पायरीवर रज्जाक इस्त्रीचा सदरा घालून उभे राहणार होते. हा कागद तिथे दिला की काम झालं. कोणालाही कळणार नव्हतं. सतरा वर्षं नाहीच कळलं.

“एक कोरा कागद द्या,” त्या म्हणाल्या.

“कशाला?”

“दुरुस्तीचा अर्ज द्यायचाय. मी मूळ अर्जदार आहे, मला देता येतो ना?”

हिंमतरावांनी पेन कानावरून काढलं आणि परत कानावर ठेवलं. “बाई, नीट ऐका. तो हजर होता आणि तुम्हाला माहीत होतं, असं लिहून दिलंत तर एकतर्फी निकाल उलटू शकतो. त्याला शोधतील, नोटीस काढतील. तुमचा घटस्फोटच लटकेल. उद्याचं लग्न विसरा, वर्ष की दोन वर्षं, मी सांगू शकत नाही.”

“कळलं.”

“लोक इथे सुटायला येतात हो.”

“मीही त्यासाठीच आले होते.”

बाहेर एक रुपयाचा फोन होता. त्यांनी दुकानाचा नंबर फिरवला आणि सगळं सांगितलं, बाकावरची बाई सोडून. खांब, निळी जर्सी, वीस पावलं. पलीकडून मंडईचा गलका ऐकू येत होता.

“पहिल्यांदाच सांगताय का हे कोणाला?” रज्जाकनी विचारलं.

“हो.”

“मग लिहा, मॅडम. काटा शून्यावर येऊ द्या. सदरा काय, पुन्हा इस्त्री करता येतो.”

फोन ठेवून त्या परत आल्या आणि लिहायला बसल्या. अर्ज चार ओळींचा झाला. ‘दिनांक २४/११/१९८८ रोजी पुकारा झाला त्या वेळी जाबदेणार व्हरांड्यात हजर होता. त्यास ऐकू येत नाही. मी त्यास पाहिले होते व सांगितले नाही. त्याप्रमाणे दुरुस्ती व्हावी.’ खाली मूळ दाव्यातलं नाव लिहून सही करायची होती. त्यांना वाटलं, हात अडेल. अडला नाही. ‘श’ची गाठ दोनदा फिरली, ‘व’ अर्धवट सुटला.

मान वर केली तेव्हा बाक रिकामा होता. खिडकीकडच्या टोकाची धूळ मात्र पुसलेली होती, माणूस बसून उठल्यावर पुसली जाते तेवढीच.

हिंमतरावांनी अर्जावर आवक शिक्का मारला, तारीख घातली, आणि सतरावी नक्कल स्वतःच्या हाताने सुतळीच्या गठ्ठ्यावर ठेवली. “पोच घ्या,” ते म्हणाले. “आणि आता यायचं ते तारखेला. चोवीस नोव्हेंबरला नको.”

पोच पर्समध्ये ठेवून शर्मिलाबाई व्हरांड्यातून निघाल्या. खांबापाशी आल्यावर त्यांची पावलं मंदावली. तिथे सायकल होती, आणि सायकलवर कोणीही नव्हतं. तरी त्या थांबल्या. लोक पाहत होते, पाहू देत. माणसाचं कोपर जिथे असतं तेवढ्या उंचीवर त्यांनी हात नेला आणि हवेला बोटं टेकवली. हवा त्या जागी थंड होती.

“तुझं नाव पुकारलंय,” त्या म्हणाल्या. ओठ दिसतील असं, सावकाश. एकदाच.

पायऱ्या उतरून त्या फाटकापर्यंत गेल्या असतील. मागे, बंद झालेल्या कोर्टाच्या दालनातून, स्वतःचा आवाज ऐकू न येणारा माणूस ओरडतो तेवढ्या मोठ्याने, कोणीतरी म्हणालं:

“हजर!”

व्हरांड्यातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. शर्मिलाबाईंनी वळवली नाही. तिसऱ्या पुकाऱ्याला सतरा वर्षं उशिरा का होईना, उत्तर आलं होतं, आणि आता त्यांना तारीख पडणार होती.