मयतीले पाचच

आमच्याकडे घाटावर शोकसभा होते. अग्नी दिला की लोक शेडखाली बसतात आणि एकेक जण उठून गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतो. साध्या माणसाच्या वाट्याला दोन बोलणारे येतात. बाबूलालभाऊंच्या वाट्याला अकरा आले, आणि त्यातल्या नऊ जणांचं भाऊंशी जन्मात कधी पटलं नव्हतं.

माजी नगरसेवक म्हणाले, कामगार चळवळीची कधीही भरून न निघणारी हानी झाली आहे. भाऊंच्या घरापुढची तुंबलेली नाली या माणसाला पाच वर्षांत दिसली नाही, हानी मात्र एका दिवसात दिसली. मग दुसऱ्या युनियनचे अध्यक्ष उठले. दोन महिन्यांपूर्वी याच माणसाने गेटवर माईक लावून भाऊंना कंपनीचा दलाल म्हटलं होतं. आता रुमालाने डोळे पुसत होते. शेवटी आमच्या कंपनीचे मॅनेजर अनिशसाहेब बोलले. एवढा मोठा पुष्पहार घेऊन ते स्वतः घाटावर आले होते. ‘मतभेद होते, मनभेद नव्हते,’ म्हणाले, आणि लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली.

खरं सांगायचं तर भाषणांकडे माझं लक्षच नव्हतं. मी माणसं बघत होते. शेड भरली होती, बाहेर लाकडांच्या ढिगापर्यंत आमचीच माणसं उभी होती. आमच्यात बायका घाटावर जात नाहीत, पण त्या दिवशी चाळीस-बेचाळीस जणी आलो होतो. सगळ्यांना मीच बोलावलं होतं. रडता रडताही मला अभिमान वाटत होता, हे आता कबूल करायला हवं.

भाऊंचा मुलगा पंकज गळ्यात उपरणं, अंग ओलं, तसाच माझ्याजवळ आला. तो बेसाच्या नव्या वस्तीत फ्लॅट विकतो. बापाच्या युनियनशी त्याने कधी संबंध ठेवला नाही.

“काकू, एवढे लोक काहून आले?” तो हळूच म्हणाला. “बाबा तर म्हणत होते, मयतीले पाचच.”

“आज नाही पंकज,” मी म्हटलं. “आज तुह्या बाबाचं नाही ऐकाचं.”

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि चितेकडे परत गेला.

मी अनुसया नंदनवार. बुटीबोरीच्या कापडाच्या कारखान्यात वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात आहे. एकोणीस वर्षं झाली, अजून ठेकेदाराचीच माणूस. पक्क्या कामगाराच्या गळ्यात निळं कार्ड असतं, आमच्या पिवळं. असे पिवळ्या कार्डाचे आम्ही एकशे शहाऐंशी जण. मशीन तीच, पाळी तीच, सुतानं भरणारं नाकही तेच, फक्त कार्ड वेगळं. आम्हाला पक्कं करा म्हणून भाऊंनी केस टाकली, तिला नऊ वर्षं झाली. दोन्हीकडच्या वकिलांचं बोलून झालं होतं. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला निकाल होता, आणि आमच्या वकील अस्मिता मॅडम म्हणाल्या होत्या की निकाल आपल्या बाजूने जाईल असं दिसतं. माझी नोकरीची तीन वर्षं उरलीत. पेन्शन, ग्रॅच्युइटी सगळं हवंच होतं, नाही कशाला म्हणू. पण एकदा तरी निळं कार्ड गळ्यात घालून त्या गेटातून आत जायचं, हे माझ्या मनात फार होतं.

भाऊ पूर्वी आमच्याच कारखान्यात होते. अकरा वर्षांपूर्वी कंपनीने त्यांना काढलं. तेव्हापासून हा माणूस रोज तांडापेठेतल्या घरून निघून बुटीबोरीला यायचा आणि दुपारी तीनला पाळी बदलताना गेटसमोरच्या चहाटपरीवर पिशवी घेऊन बसायचा. पिशवीत कागद. मी सातवी शिकलेली. ठेकेदाराचा माणूस ‘इथं सही करा बाई’ म्हणाला की करून मोकळी व्हायची. भाऊंनी मला टपरीवर बसवून कागद वाचायला शिकवलं. एकेका ओळीवर बोट ठेवायचे. “समजल्याशिवाय सही नाही कराची वं. वाच पुन्हा.” मी चिडायचे, बस सुटायची, पण वाचल्याशिवाय ते सोडायचे नाहीत.

दुसरी गोष्ट, भाऊंनी बावीस वर्षांच्या लीडरकीत एकदाही संप केला नाही. लोक त्यांना बिनसंपाचा लीडर म्हणून चिडवायचे. पोरं तर तोंडावर म्हणायची, “भाऊ, तुमचं युनियन हाय का भजनी मंडळ?” ते हसायचे. “केस चालू असताना संप केला की केस गेली समजा,” म्हणायचे. “कंपनी त्याचीच वाट पाहून राहिली. आपण कायले तिचं काम सोपं कराचं?”

नवा कायदा आला तेव्हा त्यांनी तो टपरीवर वाचून दाखवला. अर्धे किंवा त्याहून जास्त लोक ठरवून एकाच दिवशी सुटीवर गेले, तर तोही संपच धरायचा. आम्ही हसलो. लग्नसराईत तर दर आठवड्याला संप होईल म्हटलं. भाऊ हसले नाहीत.

ते त्या दिवशी का हसले नाहीत ते मला माहीत होतं. त्याआधीच त्यांची बायको वारली होती, तेव्हाही त्यांनी निरोप पाठवला होता की घाटावर पाचच जणांनी या, बाकीच्यांनी मशीन सोडू नका. आम्हाला फार लागलं. वहिनींच्या हातचा चहा प्यायलेली आम्ही माणसं. मी तर भांडले.

“भाऊ, ही मयत हाय का मीटिंग हाय? पाच काय, पाच?”

“पाच लोकं खांद्याले आन मडक्याले पुरतात,” ते म्हणाले. “बाकीचे गेले तर साहेब लिहून ठेवतो. माह्या मयतीलेही पाचच येजा गा. मशीन बंद नाही पडली पाह्यजे.”

सगळे हसले. मीही हसले. आता वाटतं, त्या माणसाने आयुष्यात एवढी एकच गोष्ट स्वतःसाठी मागितली, आणि तीही आमच्यासाठीच होती.

भाऊ गेले ते त्याच टपरीच्या बाकावर. मंगळवारी, पाळी बदलताना. आम्ही गेटातून बाहेर पडत होतो, ते चहाचा ग्लास हातात घेऊन बसलेले दिसले. मी जवळ जाईपर्यंत चहा सांडला होता. ॲम्ब्युलन्स आली, पण उपयोग नव्हता. दीडशे माणसं रस्त्यावर बसून रडली. पहिलवानासारखे मागावरचे लूमवाले, पान खाऊन शिव्या देणारे, सगळे पोरांसारखे रडत होते. उद्या अकरा वाजता घाटावर न्यायचं ठरलं, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. ग्रुपवर निरोप टाकायचं काम माझंच असतं.

मला पाच आठवले नाहीत असं नाही. आठवले. म्हणूनच मी गेटवर अनिशसाहेबांना गाठलं. ते गाडीतून उतरले, माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले.

“साहेब, उद्या सगळ्यांना जायचं आहे,” मी म्हटलं.

“ताई, जा ना. माणुसकीचा प्रश्न आहे. मी कोणाला अडवणार नाही.”

तोंडी मिळालं ते मिळालं नाही, हे भाऊ शंभरदा सांगायचे. लेखी द्या, एवढे दोन शब्द माझ्या जिभेवर आले होते. पण समोरचा माणूस हात जोडून उभा, तिकडे ॲम्ब्युलन्समध्ये भाऊ, आणि मी कागद मागू? मरणाच्या दारात परवानगीची चिठ्ठी मागायची मला लाज वाटली. मी ग्रुपवर लिहिलं, ‘उद्या सगळ्यांनी यायचं. एकही मशीन चालू नको. भाऊंना कळू द्या त्यांची माणसं किती होती.’

एकशे शहाऐंशीपैकी एकशे एकाहत्तर आले.

शुक्रवारी गेटवर कागद लागला. मी पुढे जाऊन ओळीवर बोट ठेवून वाचला. बुधवारी एकशे एकाहत्तर कंत्राटी कामगार पूर्वसूचना न देता एकत्रितपणे गैरहजर राहिले. हा बेकायदेशीर संप आहे. सबब ठेकेदाराचा ठेका रद्द करण्यात येत आहे. खाली सही अनिशसाहेबांची. मागे कोणीतरी विचारलं, “काय लिहिलं हाय वं?” ठेका गेला म्हणजे आमची सगळ्यांची नोकरीही गेली होती. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला.

अस्मिता मॅडमना फोन केला. त्यांनी आधी एकच विचारलं.

“अनुसयाताई, साहेबांकडून लेखी घेतलं होतं का?”

“तोंडीच,” मी म्हटलं. मग म्हणाल्या, लढता येईल, अंत्यविधीला जाणं म्हणजे संप नव्हे हे मांडता येईल, पण त्यालाच काही वर्षं जातील. आणि मधल्या काळात माणसं टिकतील का, असं त्यांनी मलाच विचारलं.

माणसं दोन दिवस टिकली. सोमवारपासून सगळ्यांच्या फोनवर निरोप यायला लागले. नवा ठेकेदार येतोय, जुन्याच माणसांना नव्याने भरती करणार, फॉर्म गेटवर मिळेल. ग्रुपवर तोवर भाऊंच्या फोटोला हार घातलेले, खाली ‘भाऊ अमर रहे’. त्याच फोटोंखाली आता लिहिणं सुरू झालं. एकाने लिहिलं, नऊ वर्षं केस लांबवत ठेवली, काय भेटलं. दुसऱ्याने लिहिलं, लीडर मेला आन आपल्याले मारून गेला. सिंधूताई, जी टपरीपाशी छाती बडवून रडली होती, तिने लिहिलं, भाऊची आधीपासून कंपनीसोबत सेटिंग होती म्हणतात. कोण म्हणतात, ते लिहिलं नाही.

माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, ‘भाऊंनी पाचच सांगितले होते. सगळ्यांना मी बोलावलं. शिव्या द्यायच्या तर मला द्या.’

कोणी शिव्यासुद्धा दिल्या नाहीत. एकाने एवढंच लिहिलं, ‘काकू, तुमचे तीनच वर्ष राहिले, तुम्हाले काय होते.’ मग एकेक जण ग्रुप सोडून जायला लागला. संध्याकाळपर्यंत चाळीस उरले. चौकातला भाऊंचा श्रद्धांजलीचा फ्लेक्सही त्याच दिवशी निघाला. त्या जागी नगरसेवकाच्या पुतण्याच्या वाढदिवसाचा लागला.

तेरवी पुढच्या सोमवारी होती. नव्या भरतीच्या फॉर्मची शेवटची तारीखही तीच, दुपारी चारपर्यंत. हे कोणी मुद्दाम केलं असेल का, मला सांगता येत नाही. पण आता मी कोणाच्या जोडलेल्या हातांवर विश्वास ठेवत नाही.

पंकजने दोनशे माणसांचा स्वयंपाक सांगितला होता. गल्लीत मांडव, पुरी, आलू-वांग्याची भाजी, कढी, बुंदी. बाराला पंगत बसायची होती. नातेवाईक आत खोलीत जेवले. गल्लीत पंगतीसाठी अंथरलेल्या पट्ट्या रिकाम्या पडल्या होत्या, आचारी झारा घेऊन बसला होता. एक वाजता आम्ही बसलो. मी, वाइंडिंगच्या दोघी, आणि दोन म्हातारे लूमवाले, ज्यांना आता कोणीच भरती करणार नव्हतं.

पंकज बुंदी वाढत आला. माझ्यापाशी थांबला आणि पट्टीवर नजर फिरवली.

“पाच,” म्हणाला. “बाबाच्या मनासारखं झालं, काकू.”

त्याने टोमणा मारला असता तर मी ऐकून घेतलं असतं. पण तो रडत होता. त्या पोराने बापाचं एवढंच वाक्य जपून ठेवलं होतं, आणि घाटावर मला वेळेवर सांगितलंही होतं. मी ताटातलं सगळं संपवलं, तेरवीचं अन्न टाकत नाहीत. हात धुतले, भाऊंच्या फोटोसमोर डोकं टेकलं आणि दोनची बस धरली.

हो, मीही गेले. घरात कमावणारी मी एकटी आहे. तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं.

गेटवर रांग होती. सगळे होते त्या रांगेत, घाटावर होते तेवढेच. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. टपरीवरचा बाक कोणीतरी भिंतीशी उलटा करून ठेवला होता. माझा नंबर आला तेव्हा साडेतीन झाले होते. टेबलावरच्या मुलाने फॉर्म पुढे सरकवला, पेन दिलं आणि बोटाने जागा दाखवली.

“इथं करा सही, मावशी. लवकर करा, मागं लोकं हायेत.”

“थांब,” मी म्हटलं. “वाचू दे.”

मी ओळीवर बोट ठेवलं. मी नव्याने नोकरीस लागत आहे. यापूर्वीच्या सेवेवर माझा कोणताही हक्क नाही. कोर्टातील प्रकरणातून मी माझे नाव मागे घेत आहे. अमुक तारखेच्या बुधवारी मी बेकायदेशीर संपात सहभागी झाले, त्याबद्दल मला खेद आहे.

भाऊंनी बावीस वर्षांत जो एक संप होऊ दिला नाही, तो आम्ही त्यांच्या चितेपाशी बसून केला होता. मागून कोणीतरी ओरडलं, “कर ना वं अनुसया, किती वाचतं?”

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. सगळा समजला. मग सही केली.