जीपचा होकार

वाघोलीच्या माळावर दर गुरुवारी सकाळी एक जुनी हिरवी जीप पिंपळाला प्रदक्षिणा घालत असे आणि ते बघायला शंभरएक माणसं उन्हात बसत असत. जीप हळूहळू फिरायची आणि पुढून ठेका धरल्यासारखा आवाज यायचा : ठक... ठक... ठक. माणसं हात जोडायची. हाच आवाज पेठेतल्या रस्त्यावर आला असता, तर मागच्या स्कूटरवाल्यानं "भंगारात कधी घालताय?" असं विचारलं असतं. इथं मात्र बॉनेटला झेंडूचा हार होता.

"ऐका!" पुढच्या सीटवरून नादमहाराज माइकमध्ये गरजले. "हे यंत्र नव्हे, माध्यम आहे! ऑइल म्हणजे रक्त, पिस्टन म्हणजे प्राण, आणि ही फ्रिक्वेन्सी थेट परलोकाची! परदेशातल्या शास्त्रज्ञांना विचारा!"

परदेशातल्या शास्त्रज्ञांना विचारायला कोणी गेलं नव्हतं.

गर्दीत उभी असलेली तनया दात-ओठ खात होती. जीप तिच्या वडिलांची. जयसिंगराव मागल्या वर्षी गेले, आणि काही महिन्यांनी जीप ठोके देऊ लागली. तनयाची आई, श्यामलाबाई, कोणाच्या तरी सांगण्यावरून महाराजांकडे गेली. महाराजांनी जीप थोडी फिरवून पाहिली आणि निदान करून टाकलं : जयसिंगराव बोलताहेत. ठोका पडला तर हो, गप्प राहिले तर नाही. जिवंतपणी बाबा इतकं मोजकं कधीच बोलले नव्हते, हे तनयाच्या ओठांवर आलं होतं. पण आईचा उजळलेला चेहरा बघून तिनं ते गिळलं.

आता मागच्या सीटवरून आई कापऱ्या आवाजात विचारत होती, "अहो, ब्लड प्रेशरच्या गोळ्या बंद करू का मी?"

महाराजांनी आशीर्वादाचा हात उचलला. गाडी चालवणाऱ्या केयूर नावाच्या शिष्यानं पिंपळाभोवती वळण घेतलं. ठक... ठक... ठक.

"होकार!" महाराज ओरडले. "गोळ्या बंद, तीर्थ सुरू!"



चार दिवसांत आईचं डोकं दुखायला लागलं. नारायण पेठेत त्यांच्या शेजारीच राहणाऱ्या डॉक्टर बिलकिस घरी येऊन प्रेशर मोजून गेल्या. आकडा बघून त्यांनी पट्टा पुन्हा गुंडाळला, पुन्हा मोजलं.

"श्यामलाताई, मी गोळ्या लिहून देते ते काय मला अक्षर गिरवायचं असतं म्हणून?"

"बिलकिस, तुम्ही डॉक्टर आहात," आई म्हणाली, "पण ते माझे यजमान आहेत. ह्यांनीच नको म्हटलंय."

बिलकिसमावशी जिन्यात थांबल्या आणि त्यांनी तनयाकडे मोर्चा वळवला. "आता त्या दुसऱ्या पेशंटबद्दल सांग. जीप नुसती चालू करून उभी ठेवली तर आवाज येतो?"

"नाही."

"वेग वाढवला की?"

"ठोके भराभर पडतात."

"म्हणजे दुखणं चाकाकडं आहे. सरळ रस्त्यावर?"

"जवळजवळ नाहीच. पिंपळाभोवती मात्र हमखास..." तनया बोलता बोलता थांबली. "मावशी, प्रदक्षिणा नेहमी उजवीकडेच वळते! उलटी घालून कोणी बघितलेलीच नाही."

"घालणार कोण? पाप लागतं ना!" मावशी हसल्या. "खोकल्याचा पेशंट आला की मी विचारते, कुठल्या कुशीवर वाढतो. जीपलाही कूस असेल. बघूया विचारून."

पुढच्या गुरुवारी तनया स्वतः स्टिअरिंगवर बसली. "बाबांनीच गाडी शिकवली मला. आज मी चालवते."

आई मागे बसलेली, समोर सगळी गर्दी, गर्दीत बिलकिसमावशीही. महाराजांना नाही म्हणता येईना. "आत्म्याला आनंदच होईल," ते ओढूनताणून हसत म्हणाले.

तनयानं माइक हातात घेतला. "बाबा, नादमहाराज खरं बोलतात का?" आणि जीप डावीकडे वळवली. पिंपळाला एक अख्खी उलटी फेरी झाली. टायरखालच्या खडीशिवाय कशाचाही आवाज नाही.

"उलटी प्रदक्षिणा! घोर पाप!" महाराज किंचाळले.

"बरं, सुलटी घालते." तिनं जीप फिरवून उजवीकडे घेतली. "बाबा, महाराज थापा मारतात का?"

ठक... ठक... ठक... ठक.

गर्दीत आधी कोणीतरी फिसकन हसलं. मग हसू पसरत गेलं.

"आईनं गोळ्या घ्याव्यात का?" ठक... ठक. "उद्या सूर्य पश्चिमेला उगवणार का?" ठक... ठक. बाबा आज सगळ्यालाच होकार देत होते.

तनयानं गाडी थांबवली, चाकांना दगड लावले आणि डावीकडचं पुढचं चाक जॅकवर उचललं. वरखाली धरून हलवलं, तर चाक ढिल्या बिजागरीच्या दारासारखं लटपटलं. "आतली बेअरिंग फुटलीय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "गाडी उजवीकडे वळली की भार डाव्या चाकावर येतो आणि फुटका तुकडा दर फेरीला आपटतो. डावीकडे वळली की भार उतरतो, आवाज बंद. महाराजांना 'हो' हवं असलं की ते हात उचलायचे आणि केयूर उजवीकडे वळायचा. 'नाही' हवं असलं की सरळ माळाच्या फाटकाकडे."

"अगंबाई, तरीच म्हटलं तोंड ओळखीचं कसं!" हेमा नावाच्या एक बाई उठून उभ्या राहिल्या. "हे तर आमच्या कात्रजचे ड्रायव्हिंग क्लासवाले! मी तीनदा नापास झाले ह्यांच्याकडे!"

एवढं झाल्यावर महाराज कशाला थांबतात? केयूरच्या मोटरसायकलवर मागे बसून ते निघाले, तेही सरळ फाटकाकडे.

आई मात्र जीपमधून उतरली नव्हती. "म्हणजे ते नव्हतेच?" तिनं हळूच विचारलं.

तनयाला रडू आलं. जिंकल्याचा आनंद कुठल्या कुठे गेला. "नाही गं आई. बाबा असते तर पहिल्या ठोक्याला गाडी गॅरेजात नेली असती. आणि तुला दवाखान्यात."

आई बराच वेळ पदरात तोंड लपवून रडली. मग डोळे पुसून तिनं बिलकिसमावशींपुढे हात पसरला. "गोळी आहे का जवळ?"

मावशींच्या पर्समध्ये होतीच.

गेलेल्या माणसाचा आवाज पुन्हा ऐकावासा कोणाला वाटत नाही? त्यासाठी श्यामलाबाईंना कोणी हसू नये. पण तुमच्या त्या मायेवर बसून कोणी तुमचं औषध बंद करू लागला, तर लगेच हात जोडू नका. गाडी एकदा उलटी फिरवून बघा. जे खरं असेल, ते उलट्या फेरीतही खरंच राहील.