पाठदुरुस्ती

उत्तर न दिलेलं पत्र शब्दकोशात होतं, 'प'च्या पानांत. वेलांटीकाकांनी ते तिथं मुद्दाम लपवलं नव्हतं. पत्र आलं त्या दिवशी कोश त्या पानावर उघडा होता, इतकंच. पण पुढे 'प'मधला शब्द बघायची वेळ आली की त्यांचा हात आखडे, आणि पुष्कळदा तो शब्द न बघताच, जसा आठवेल तसा धरून ते चालत. उभा जन्म शब्द पडताळण्यात घालवलेल्या माणसानं असं करावं, यावरून प्रकरण कितपत गळ्याशी आलं होतं ते कळेल.

पत्र एका अनोळखी बाईंचं होतं. कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, सोबत हस्तलिखिताचं एक पान जोडलेलं. ते येऊन वर्ष उलटून गेलं होतं.

ते का आलं, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

वेलांटीकाका छापखान्यात मुद्रितं तपासत. काचेच्या आडोशामागे त्यांचं टेबल होतं. कुणाचं अडलं की तो जागेवरूनच ओरडे, "काका, पहिली की दुसरी?" आणि काचेमागून उत्तर येई, "दुसरी." कित्येक दिवशी त्यांचं सगळ्या दिवसाचं बोलणं एवढंच होई. वेलांटीकाका हे नाव त्यातूनच पडलं, आणि पुढे ते सगळ्यांच्या तोंडी इतकं बसलं की घरी येणारी लग्नपत्रिकासुद्धा त्याच नावानं येऊ लागली. वेलांटी मात्र बरोबर असे. तेवढा धाक होता.

निवृत्त झाल्यावर घरबसल्या लोकांचं लेखन तपासून द्यावं, असं त्यांच्या मनात होतं. ते त्यांनी बायकोला सांगितलं, म्हणजे काकूंना. काकूंनी लेकीला, आणि लेकीनं नवऱ्याला. जावयाचा धंदा नावांचाच होता. इंटरनेटवरची पत्त्यांची नावं तो विकत घेऊन ठेवी.

"मोकळा प्लॉट समजा, बाबा," त्यानं समजावून दिलं होतं. "त्यावर घर बांधायचं नाही. कुंपणाला जाहिरातींची पाटी लावायची आणि गप्प बसायचं. येणारा-जाणारा पाटीवर बोट ठेवतो, की पाटीवाला आपल्याला पैसे देतो."

"पण घरच नाही, तर माणूस तिथं येतो कशाला?"

"चुकून. नाहीतर अंदाजानं. कुणाला काहीतरी हवं असतं, तो नाव टाकून बघतो. आमचा धंदाच लोकांच्या चुकण्यावर."

काकांचंही पोट लोकांच्या चुकांवरच चाललं होतं. फरक इतकाच, की त्यांना चूक काढून टाकायचे पैसे मिळत.

स्वतःच्या कामासाठी इंटरनेटवर पान काढायचं ठरून नाव सुचवायची वेळ आली तेव्हा त्यांनी 'पाठदुरुस्ती' सुचवलं. मराठीतच लिहायचं, इंग्रजी अक्षरं नकोत, हा एकच हट्ट. त्यांच्या लेखी पाठ म्हणजे मजकूर. मूळ पाठ, अशुद्ध पाठ, पाठभेद. दुसरा काही अर्थ त्या शब्दाला असू शकतो, हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. जावयानं नाव नोंदवलं आणि म्हणाला, "आता पानावर तुमची चार ओळींची ओळख हवी. लिहून द्या, लगेच चढवतो."

तिथं घोडं अडलं. काकांनी 'अनुभवी मुद्रितशोधक' असं लिहिलं, तर 'अनुभवी' त्यांना खटकलं. ते काढलं. मग 'मुद्रितशोधक' एकटंच उरलं, आणि एकटं उरल्यावर ते जास्तच बढाईखोर दिसू लागलं. 'लेखन तपासून मिळेल' असं लिहिलं, तर ते पिठाच्या गिरणीवरच्या फळीसारखं वाटलं. जावयानं दोनतीनदा आठवण केली आणि शेवटी म्हणाला, "तुमचं होईपर्यंत मी ते पार्क करून ठेवतो."

पार्क केलेलं नाव कसं असतं हे काकांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे झाडाखाली उभी केलेली गाडी आली, आणि ते निश्चिंत झाले.

थोड्या दिवसांनी जावयाचा फोन. "बाबा, तुमचं नाव पळायला लागलंय!"

काकूंनी पान उघडून बघितलं आणि हसू लागल्या. हसताना त्यांच्या पाठीत कळ आली, तरी त्या थांबेनात. पानावर कमरेचे पट्टे होते, मलमं होती, ताठ पाठीच्या खुर्च्या होत्या, आणि गाद्याच गाद्या. जाहिराती लावणाऱ्या यंत्रानं 'पाठ' हा शब्द वाचला होता आणि आपल्या अकलेप्रमाणे त्याचा अर्थ लावला होता. जगभरची अवघडलेली माणसं त्या नावावर येत होती आणि गादीवर बोट ठेवून पुढे जात होती.

"यंत्राचं काय चुकलं?" काकू म्हणाल्या. "पाठ म्हटल्यावर माणसाला पाठच आठवणार. पाठभेद तुम्हाला आठवतो." आणि डोळे पुसत, "वर्षानुवर्षं दुखतेय माझी, आणि कमवायला लागलात तुम्ही!"

पैसे थोडेच, पण महिन्याच्या महिन्याला येत. न केलेल्या कामाचे पैसे घेताना काकांना चोरट्यासारखं होई. पाटी काढा, असं त्यांनी जावयाला एकदा सुचवून बघितलं. "मजकूर द्या, लगेच काढतो," जावई म्हणाला. मजकूर काही झाला नाही, आणि गाद्या तशाच राहिल्या.

अशात ते पत्र आलं. नावाच्या नोंदणीत मालकाचा पत्ता असतो, तो शोधून बाईंनी साध्या टपालानं पाठवलं होतं. बाई मोठ्या माणसांना पोहायला शिकवत. ज्यांना पाण्याची धास्ती असते अशांना. त्यांनी लिहिलं होतं, "गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून पाण्यात उभी राहून जे सांगत आले ते कागदावर उतरवलं आहे. माझ्या चुका मला दिसत नाहीत. ज्यांना दिसतात ते हसतात, पण कुठे चुकलं ते सांगत नाहीत. तुमच्या पानावर गाद्यांच्या जाहिराती आहेत, पण नाव वाचून मला वाटलं की तुम्ही मजकुराची पाठ सरळ करणारे असाल. नसाल, तर पत्र फाडून टाका."

इतक्या दिवसांत हजारो लोक त्या नावावर येऊन गेले होते. त्यातल्या एकीनं ते बरोबर वाचलं होतं.

काका इतके आनंदले, की ते पत्र पुन्हा वाचायला बसले आणि हाताला सवय होती म्हणून लाल पेन्सिल घेऊन बसले. 'भिती' दिसली, दुसरी वेलांटी दिली. 'आणी' दिसलं, पहिली केली. एक वाक्य उगाच लांबलं होतं, तिथं उभी रेघ मारली. समासात एके ठिकाणी 'संदिग्ध?' असंही लिहिलं. भानावर आले तेव्हा पत्र लालेलाल झालं होतं. बाईंनी विश्वासानं मन मोकळं केलं होतं, आणि यांनी ते तपासलं होतं! जी बाई हसणाऱ्यांना कंटाळून आपल्याकडे आली, तिचं पत्रच आपण वहीसारखं रंगवलं, या विचारानं त्यांना कानकोंडं झालं. त्यांनी उत्तर लिहायला घेतलं, टाकून दिलं, पुन्हा घेतलं. आठवडा गेला, मग उशिराबद्दल दिलगिरीचं वाक्य आलं. महिना गेला, मग ते वाक्य तोकडं पडलं. पुढे पुढे दिलगिरीचाच मजकूर इतका वाढला, की मूळ उत्तराला जागा उरेना. अखेर कोश मिटला तो मिटलाच.

आणि आता एका रविवारी जावई आला तो बसायच्या आधीच बोलू लागला.

"गादीवाला आलाय, बाबा. मोठा कारखाना आहे. त्यांना नाव हवंय, पाठदुरुस्ती. कायमचं. चांगली किंमत देतायत, शिवाय आईंसाठी एक गादी मी वरून मागून घेतलीय. तुम्हाला एक मेल येईल, त्यात संमतीवर बोट ठेवायचं. बास."

"जावईबापू, गादी मऊ की कडक?" काकूंनी विचारलं.

"डॉक्टर सांगतील ती."

"मग विका. वाट कसली बघायची?"

काका चष्मा पुसत राहिले. "नाव गेल्यावर तिथं... म्हणजे कुणी दुसऱ्या कामासाठी आलं तर?"

"कुठलं दुसरं काम?"

"मजकुराचं."

जावयाला हसू आलं, पण सासऱ्यांपुढे त्यानं ते आवरलं. "बाबा, आजपर्यंत मजकुराचं कुणी आलंय का?"

"एक," काका म्हणाले. मग घाईनं, "उद्यापर्यंत थांबता येईल?"

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबतील. त्यानंतर ते दुसरं नाव बघतील. मणकादुरुस्ती मोकळंच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू खुर्चीत बसल्या. पाय किंचित उंचावर ठेवून बसायचं, असं त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि घरात त्या उंचीची एकच वस्तू होती. पायाखाली घेण्यासाठी त्यांनी कोश ओढला, तो हातातून निसटला, आणि 'प'मधून पत्र जमिनीवर पडलं.

काका दारातच होते. त्यांना वाकून ते उचलता आलं असतं, पण ते नुसते उभे राहिले. काकूंना वाकता येत नव्हतं. त्यांनी पायाच्या बोटांत धरून पत्र वर घेतलं.

"हे काय? कुणाला मार्क दिलेत?"

"ते... ती एक."

काकूंनी पत्र पुरं वाचलं. मग जोडलेलं पान वाचलं. त्या पानावर बाईंनी लिहिलं होतं: "पाण्यात उतरण्याआधी माणूस काठावर उभा राहून बघतो. त्याला खुशाल बघू द्यावं, पण पाय भिजवून. कोरड्या पायानं उभा राहिलेला माणूस घरी जातो." या पानावरही लाल खुणा होत्या, पण या ओळींवर एकही नव्हती.

"बाई चांगलं लिहितात," काकू म्हणाल्या. "तुम्ही कधी पाठवलंत उत्तर?"

काकांनी खिडकीबाहेर बघितलं.

"अहो, वर्ष झालं असेल याला!"

"उलटलं."

"त्या बिचारीला वाटलं असेल, हाही हसला."

हे काकांच्या मनात कधीच आलं नव्हतं. आपण चुकलो, आपण उद्धट दिसू, आपल्याला हे काम झेपणार नाही, हे सगळं येऊन गेलं होतं. बाईंना काय वाटलं असेल हे मात्र कोशाबरोबर मिटलं होतं. ते खाटेच्या कडेला बसले.

"नाव विकू नये म्हणतो," ते म्हणाले. "तिनं ते बरोबर वाचलं होतं."

"विकू नये, म्हणजे पुन्हा चार ओळी लिहायला बसणार. 'अनुभवी' घालू की काढू." काकूंनी पाय कोशावर टेकले. "देऊन टाका त्या गादीवाल्याला. त्याच्याकडे निदान गाद्या तरी आहेत. या बाईंना तुमची पाटी नकोय, चुका कुठे आहेत ते हवंय. ते तर तुम्ही त्याच दिवशी करून ठेवलंत!"

काका उठले आणि त्यांनी मेल उघडला. संमतीच्या मजकुरात 'हस्तांतरण' चुकीचं लिहिलेलं होतं. तिकडे त्यांनी दुर्लक्ष केलं, निदान तसा प्रयत्न केला, आणि बोट ठेवलं. नाव गेलं. काही वाजलं नाही, काही हललं नाही. पानावर गाद्या होत्या त्या तशाच होत्या. त्या आता खऱ्या मालकाच्या होत्या, एवढंच.

मग ते उत्तर लिहायला बसले. सोबत लाल झालेलं पत्र आणि पान जसंच्या तसं पाठवायचं ठरवलं, त्यामुळे लिहायला फार उरलं नव्हतं. दिलगिरी एका वाक्यात आवरली. पानातल्या खुणांचा अर्थ सांगितला, 'भीती'त दोन्ही वेलांट्या दुसऱ्या असतात हे सांगितलं. पाय भिजवण्याच्या ओळींना हात लावू नका, असं लिहिलं. शेवटी लिहिलं, "बाकीची पानं पाठवावीत. हे काम करता येईल." कागद त्यांनी काकूंपुढे धरला. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुणाला आपलं लेखन तपासायला देत होते.

काकूंनी तो वाचला. "'हे काम करता येईल.' कुणाला?"

"म्हणजे?"

"कुणाला करता येईल? गादीवाल्याला?"

काकांनी वाक्य पुन्हा वाचलं. व्याकरणात ते कुठेही चुकत नव्हतं. तरी एक शब्द पडला होता, आणि असा पडलेला शब्द छापखान्यात त्यांच्या नजरेतून कधी सुटला नव्हता.

"पुन्हा लिहितो," ते म्हणाले आणि कोऱ्या कागदाकडे वळले.

"पुन्हा लिहायला बसलात, की अजून यायची आहे ती माझी नवी गादीसुद्धा जुनी होईल. तिथंच काय ते करा."

काकांनी लाल पेन्सिल घेतली. 'काम' आणि 'करता' यांच्यामध्ये, ओळीच्या खाली, छापखान्यात करत तशी छोटी काकपदाची खूण केली आणि वर लिहिलं, 'मला'. अक्षर जरा लहान आलं होतं, पण वाचता येत होतं.

त्यांनी पाकीट बंद केलं, चपला घातल्या, आणि टपालपेटीपर्यंत जाऊन ते आत टाकलं.