डोंगरभागातली हिरवी टाचणी

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. शाळेच्या भिंतीवर असतो तसला नाही. माझ्यात राजधान्या नाहीत की रेल्वेमार्ग नाहीत. माझ्यात सात विभाग आहेत आणि प्रत्येक विभागात एक टाचणी. कुठल्या भागात किती तरुण मुलंमुली कामाविना बसली आहेत, एवढंच मी सांगायचो. लाल टाचणी म्हणजे पुष्कळ, पिवळी म्हणजे मध्यम, हिरवी म्हणजे कमी.

मला जाड कागदावर छापलं, मागून कापड लावलं आणि टाचण्या शिरतील अशा मऊ फळीवर चिकटवलं. मग मी रोजगार नोंदणी कार्यालयात आलो. माझी जागा खिडकीमागच्या भिंतीवर, म्हणजे रांगेतल्या प्रत्येकाला मी दिसायचो. खिडकीवर एक कारकूनबाई बसायच्या. सगळे त्यांना ताई म्हणायचे, साहेबसुद्धा. दर तीन महिन्यांनी ताई सातही विभागांच्या याद्यांमधली नावं मोजायच्या, स्टुलावर चढायच्या आणि टाचण्या बदलायच्या. टोचून घ्यायची सवय व्हायला मला वर्ष लागलं, खोटं कशाला बोलू?

पण काम मोलाचं होतं. लाल टाचणी लागली की त्या भागात सरकारचा मोफत प्रशिक्षण वर्ग निघायचा आणि शिकणाऱ्यांना जाण्यायेण्याचा भत्ता मिळायचा. बंदराकडची गोदी बंद पडली तेव्हा तिथे मी लाल झालो. तिथे लोखंडाच्या जोडकामाचे, म्हणजे वेल्डिंगचे, वर्ग निघाले, आणि दोन वर्षांनी तीच टाचणी पिवळी झाली. बाहेरून येणारे अधिकारी माझ्यापुढे उभे राहून फोटो काढून घ्यायचे. मी भाव खायचो.

डोंगरभाग मात्र कायम लाल. तिथे मोटार आणि पंप दुरुस्तीचा आठ महिन्यांचा वर्ग सुरू झाला. त्याच सुमारास तिथल्या नोंदणीच्या खिडकीवरचे कारकून निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. आता नियम असा, की दर सहा महिन्यांनी स्वतः येऊन नोंदणी ताजी करायची, नाहीतर नाव यादीतून जातं. डोंगरभागातून आमच्या कार्यालयात यायचं तर बसनं अख्खा दिवस मोडतो. वर्ग बुडवून कोण येणार? कोणी आलं नाही, नावं गळत गेली. ताईंनी नेहमीप्रमाणे मोजलं. टाचणी पिवळी झाली आणि पुढच्या खेपेला हिरवी. साहेबांना वरून शाबासकीचं पत्र आलं. मलाही वाटलं, चला, डोंगरभागाचं भलं झालं. मूर्ख मी.

हिरव्या विभागात वर्ग चालवायचा नसतो. महिनाअखेर वर्ग बंद करा, असा आदेश निघाला. तेव्हा पाच महिने झाले होते.

चौथ्या दिवशी एक मुलगी खिडकीशी आली, सोबत तिची आत्या. मुलीच्या नखांत ग्रीस होतं. तिच्या गावच्या पाणीपुरवठ्यावर पंप चालवायला माणूस हवा होता, पण प्रमाणपत्र असलेला. वर्ग बंद झाला तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर ती जागा दुसऱ्याची. एवढं तिनं शांतपणे सांगितलं.

ताई म्हणाल्या, "अगं, तुमच्याकडे बेकार मुलं कमी झालीयत. बघ ना, हिरवी टाचणी आहे."

आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला भिंतीतून मागे सरकावंसं वाटलं. "कमी झालीयत? आमच्याच घरी चौघं बसलीयत, दिवसभर माझं डोकं खातात. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, त्यातली गत. तुम्ही तर मलमही काढून घेताय, बाई."

मुलगी म्हणाली, "ताई, आमच्या वर्गात बावीस जण आहोत. यादीत किती आहेत ते बघता का?"

ताईंनी यादी काढली आणि बोट लावून दोनदा वाचली. बावीसपैकी तीन नावं होती. तिचं स्वतःचंही नव्हतं. ताईंनी यादी मिटली आणि माझ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "ही टाचणी मीच टोचली गं." मला फार वाईट वाटलं. ताईंच्या हातून घडलं होतं आणि माझ्या तोंडून.

ताई साहेबांकडे गेल्या. साहेब कुरकुरले, "पत्र येऊन गेलंय हो. आता कुठल्या तोंडानं लाल कळवू?"

"नावं आली तर लाल लावावीच लागेल ना, साहेब?"

"आली तर," साहेब म्हणाले आणि मान वर न करता त्यांनी ताईंच्या दौऱ्याच्या कागदावर सही केली.

महिना संपायला पाच दिवस होते. ताई नोंदवही आणि शिक्का घेऊन डोंगरभागात गेल्या आणि तीन दिवस त्या पंपांच्या वर्गातच टेबल टाकून बसल्या. परत आल्या त्या सहाशे अकरा नावं घेऊन. पर्स खांद्यालाच ठेवून त्या स्टुलावर चढल्या, हिरवी टाचणी उपटली आणि लाल टोचली. त्या वेळी मला दुखलं नाही. वर्ग चालू राहिला.

चार महिन्यांनी ती मुलगी पुन्हा आली, एकटीच. पाणीपुरवठ्यावरची जागा तिला मिळाली होती. दिवसभर बसचा प्रवास करून ती आपलं नाव यादीतून काढायला आली होती. ताईंनी खण धुंडाळला; नाव काढायचा अर्जच कार्यालयात नव्हता, कारण तो आजवर कोणी मागितलाच नव्हता. शेवटी ताईंनी तिलाच पेन दिलं. तिनं स्वतःच्या नावावर सरळ रेघ मारली आणि खाली तारीख घातली.

मित्रांनो, आता माझ्या जागी संगणकाचा पडदा लागलाय. कानामागून आला आणि तिखट झाला. मी गुंडाळून कपाटावर पडलोय. मला जपा, धूळ झटका, असं काही मी मागत नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापैकी कोणीतरी त्या खिडकीवर बसेल. रांगेतलं एखादं माणूस यायचं थांबलं, तर त्याला काम मिळालं असं परस्पर ठरवू नका. एक दिवस मोडला तरी चालेल, त्याच्या घरी जाऊन विचारा.